लांबच्या वाटेची तयारी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला बोलायला उभे केले आहे, पण मी काही व्याख्यान देणारी बाई नव्हे. शिक्षण सातवीपर्यंत. हळदीकुंकवाला उखाणा घेण्यापलीकडे चार लोकांपुढे कधी तोंड उघडले नाही. परंतु आपल्यातल्या काहीजणींच्या मनात गाडीने लडाखला जायचे आले आहे, आणि "तुम्ही जाऊन आलात, तयारी कशी केली ते सांगा" असा आग्रह झाला. तेव्हा घडले ते जसेच्या तसे सांगते. चुकले तेही सांगते. उपयोग झाला तर त्याचाच जास्त होईल.

आधी थोडे माहेरचे. माझे माहेर इंदापूर तालुक्यातले, मेंढपाळाचे. दिवाळी झाली की आमचा वाडा कोकणात निघायचा. वाडा म्हणजे चौसोपी वाडा नव्हे हो! मेंढ्यांचा कळप आणि त्याच्याबरोबर चालणारी चार-पाच बिऱ्हाडे, त्याला आमच्यात वाडा म्हणतात. बारामती, जेजुरी, सासवड, मग भोरवरून वरंधा घाट उतरून महाडच्या बाजूला, आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत. लहानपणी दोन वर्षे मी आजीबरोबर ही वाट चालले. पुरुषमाणसे मेंढ्या चारीत चालत. बायका घोड्यावर सगळा संसार लादून पुढे जात, आणि मेंढ्या पोचायच्या आत चूल पेटलेली व वाघर लावलेली असे. मुक्काम कुठे करायचा ते कारभारी ठरवी, पण सकाळी निघण्याआधी तो आजीला विचारी, "आज कोकरं किती?" रात्री चार मेंढ्या व्याल्या असल्या तर त्या दिवसाची चाल निम्मी. कोवळी कोकरे घोड्यावर घालून नेत, तरी चाल निम्मीच. दांडग्या मेंढ्याच्या पायाकडे बघून कोणी वाट आखीत नसे.

हे मला इतक्या वर्षांनी आठवायला कारण झाले ते आमच्या थोरल्या जाऊबाईंचे. त्यांचा मुलगा फौजेत आहे. २०२१ साली त्याची नेमणूक लडाखला झाली. जाऊबाई कधी कोणाकडे काही मागणाऱ्यातल्या नाहीत. पण त्या दिवाळीला त्या एवढेच म्हणाल्या, "तो राहतो ते गाव एकदा डोळ्यांनी बघावं असं वाटतं." विमानाने न्यावे तर पाच जणांचे तिकीट परवडेना, आणि विमानाने एकदम लेहला उतरणे चांगले नाही असे ऐकले होते. घरात सात माणसांची गाडी होती. थोरले दीर शाळेतून निवृत्त झालेले, नकाशाचे भारी वेड. त्यांनी आणि आमच्या घरातल्यांनी दोन रात्रीत बेत केला. इथून थेट मनाली, मनालीहून दोन दिवसांत लेह, चार दिवस फिरणे आणि परत. सगळे मिळून चौदा दिवस. बरोबर आमचा मुलगा, वय वीस, कबड्डी खेळणारा, गाडी चालवायला तिसरा माणूस म्हणून.

मी तो कागद बघितला. त्यात किलोमीटर होते, डिझेल होते, टोल होता. माणूस कुठेच नव्हता. जाऊबाईंना रक्तदाबाची गोळी चालू आहे, वय पन्नाशीच्या पुढे. पण थोरल्या दिरांपुढे मी कधी उलटून बोलले नव्हते. मग मी पुतण्याला फोन लावला आणि विचारले, "तुम्हाला तिथं नेलं तेव्हा कसं नेलं रे?" तो म्हणाला, "काकू, आम्हाला पहिले सहा दिवस काही काम देत नाहीत. नुसतं राहायचं, थोडं चालायचं. बारा हजार फुटांच्या वर जायचं असलं की आणखी चार दिवस. पंधरा हजारांच्या वर आणखी चार." म्हणजे बघा, निवडून घेतलेल्या तरण्याताठ्या शिपायाला सरकार सहा दिवस बसवून ठेवते, आणि आम्ही गोळी चालू असलेल्या बाईला मनालीतून उचलून दुसऱ्या दिवशी सोळा हजार फुटांवर नेणार!

ही उंची म्हणजे काय ते सांगते. आपल्या महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाईचे, ५,४०० फूट. लेह गावच मुळी ११,५०० फुटांवर, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून वर. तेथे एका श्वासात मिळणारा प्राणवायू आपल्याकडच्या सुमारे दोन तृतीयांश. मनालीकडून गेले तर बारालाचा ही १६,००० फुटांची खिंड चढावी लागते, आणि वाटेत बरेच लोक सरचूला तंबूत झोपतात. ती जागा १४,००० फुटांवर. माणसाला बाधते ते नुसते वर जाणे नव्हे, वर झोपणे. उलट श्रीनगरकडून वाट लांबची, पण पायरी-पायरीने चढते. श्रीनगर ५,२०० फूट, सोनमर्ग ९,००० च्या आसपास, मग साडेअकरा हजारांची जोजीला खिंड ओलांडून पुन्हा खाली कारगिल, ८,८०० फूट, आणि शेवटी लेह.

मी वहीत दोन रकाने आखले. एका बाजूला त्यांची वाट, दुसऱ्या बाजूला माझी. प्रत्येक मुक्कामापुढे गावाचे नाव आणि रात्री झोपायची उंची. तोंडाने काही न बोलता वही दिरांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवली. संध्याकाळी त्यांनी चष्मा पुसून परत वाचली आणि म्हणाले, "पंचवीस दिवस होतात यात." मी म्हटले, "होऊ द्या."

आता पंचवीस दिवस कुठून काढायचे? ही खरी तयारी, भगिनींनो, आणि ती बाईलाच करावी लागते. मनालीकडचा रस्ता बर्फामुळे साधारण मे-जूनला सुटतो, आणि परत यायचे तर त्याच वाटेने असा दिरांचा हट्ट होता. इकडे जूनच्या अखेरीस तुकोबांची पालखी बारामतीला. दोन वर्षे करोनामुळे वारी पायी निघाली नव्हती. २०२२ ला निघणार होती. आत्याबाईंनी, म्हणजे आमच्या सासूबाईंनी, बजावले, "कुठं जायचं तिथं जा, पण पालखीच्या आत घरी या. वारकऱ्यांच्या पंगतीला मी एकटी भाकरी थापणार नाही." म्हणून १ जूनला निघून २५ च्या आत परत, असे ठरले. दोन गाई होत्या. त्यांचे दूध काढायला शेजारणीशी बोलून निम्मे दूध तिचे असे ठरवले. धाकटी मुलगी आत्याबाईंजवळ राहिली. बाकी बायकांच्या महिन्याच्या अडचणीची तारीख मी आधीच कॅलेंडरवर खूण करून मोजली होती. लाजायचे काय त्यात? पुरुषांच्या यादीत ती कधीच नसते, म्हणून सांगते.

सामानात गोळ्या आणि दवाखान्याचे कागद एका पिशवीत. जाऊबाईंना आधी डॉक्टरांकडे नेऊन तपासले आणि जायला हरकत नाही असे विचारून घेतले. उंचीवर त्रास होऊ नये म्हणून त्यांनी आम्हा सगळ्यांना एक गोळी लिहून दिली. ती ज्याची त्याने डॉक्टरांना विचारूनच घ्यावी, माझ्या सांगण्यावरून नव्हे. खाण्याचे म्हणाल तर दशम्या दोन दिवस टिकतात, पुढे सातूचे पीठ, शेंगदाण्याची चटणी, गूळ, मेतकूट. छोटी शेगडी आणि कुकर. कुकर पाहून घरातले हसले. पण उंचावर पाणी लवकर उकळते, लेहमध्ये ते ८८ अंशांच्या आसपासच उकळते, त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ शिजायला फार वेळ लागतो. आणखी एक जुने नऊवारी लुगडे घेतले, आडोशाला. राजस्थानात आणि लडाखात मैलोन्‌मैल झुडूप नसते. या लुगड्याइतका दुसऱ्या कशाचाही उपयोग झाला नाही.

पहिला मुक्काम सुरतेजवळ, दुसरा उदयपूर, तिसरा बिकानेर. बिकानेर म्हणजे थरचे वाळवंट. जूनच्या पहिल्या आठवड्यात तेथे दुपारी गाडी चालवणे म्हणजे भाकरीसारखे भाजून निघणे. आम्ही पहाटे चारला निघत असू आणि अकराला थांबत असू. वाडाही उन्हात असाच चालायचा. माणशी पाच लिटर पाणी, मीठ-साखर-लिंबू. टायरमधली हवा रोज सकाळी थंड असताना बघायची, हे घरातल्यांनी कटाक्षाने केले. बिकानेरहून अमृतसरला जाताना मोठा कालवा लागला. इंदिरा गांधी कालवा तो, पंजाबातल्या हरिकेहून पाणी घेऊन वाळवंटात आलेला. जाऊबाई म्हणाल्या, "नीरा डाव्या कालव्याची थोरली बहीण गं ही!" अमृतसरला एक दिवस पूर्ण विश्रांती घेतली. माझ्या वहीत असे "रिकामे" म्हणून पाच दिवस होते. त्यावरून दिरांनी सारखी चेष्टा केली.

श्रीनगर, सोनमर्ग झाले. जोजीलाला ठरलेल्या वेळेतच एका बाजूची वाहने सोडतात, म्हणून पहाटे रांगेत उभे राहावे लागले. पलीकडे उतरले की हिरवे झाड संपते. द्रासला १९९९ च्या कारगिल युद्धाचे स्मारक आहे. भिंतीवर नावे कोरली आहेत. जाऊबाई एका टोकापासून सुरुवात करून प्रत्येक नावावर बोट ठेवीत वाचू लागल्या. दिरांनी दोनदा हाक मारली, त्या आल्या नाहीत. शेवटी मी जाऊन शेजारी उभी राहिले. गाडीत बसल्यावर कारगिल येईपर्यंत त्या काही बोलल्या नाहीत. मग एकदम म्हणाल्या, "त्याला तिथं भाकरी मिळत असेल का गं?"

११ जूनला दुपारी लेहला पोचलो. जाऊबाई धापा टाकतील म्हणून आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत होतो. त्या तर खुशाल बसून लसूण सोलत होत्या. मी बजावले होते, आजचा दिवस कोणी खोलीबाहेर पडायचे नाही. पण आमचे चिरंजीव! गोळी त्याने घेतलीच नव्हती, "मला काय धाड भरलीय" म्हणून. जवळच शांतिस्तूप आहे, पाचशेंवर पायऱ्या. हा पळत चढून आला. संध्याकाळी डोके दुखू लागले. रात्री उलट्या. आम्ही म्हटले ऊन लागले असेल, वाटेतले अन्न बाधले असेल. दोन वाजता तो लघवीला उठला आणि दाराच्या चौकटीला धडकला. तेव्हा पुतण्याने सांगितलेले आठवले, टाचेला अंगठा लावून सरळ रेषेत चालायला लावायचे. तोल गेला तर सकाळची वाट बघायची नाही. फरशीच्या रेषेवरून त्याला चार पावले चालता येईना. एवढा दांडगा मुलगा, दारू प्यायल्यासारखा एका अंगाला जात होता.

त्या क्षणी माझ्या हातापायातले बळ गेले, खोटे कशाला सांगू. पण लगेच दवाखान्यात नेला. आमच्याकडची प्रीपेड कार्डे तिकडे बंद पडली होती. दिरांचे पोस्टपेड चालत होते म्हणून गाडीवाल्याला रस्ता विचारता आला. रात्रभर प्राणवायू लावला, औषधे दिली. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलात; तोल जाणे हे मेंदूला सूज येत असल्याचे लक्षण, आणि बसल्याजागी धाप किंवा खोकल्याला फेस आला तर फुप्फुसात पाणी. अशा वेळी खाली उतरवणे हाच मोठा उपाय. शरीराने दणकट असणाऱ्याला हे होत नाही ही समजूत साफ खोटी, उलट तोच धावपळ करतो. सकाळी आठला त्याने डोळे उघडून चहा मागितला. मी बाहेर जाऊन पायरीवर बसले आणि तेव्हा कुठे रडले.

आम्ही जाऊबाईंना कोकरू धरून चाल आखली होती, आणि कोकरू निघाले दुसरेच. पण रिकामे दिवस ठेवले होते म्हणून कोणाला घाई करावी लागली नाही. पँगाँग सरोवर, खारदुंगला खिंड, तिच्यापलीकडचे हुंदरचे वाळूचे डोंगर आणि दोन वशिंडांचे उंट, सगळे वहीतून खोडले. लेहच्या आसपासच थोडे हिंडलो. तो भागही वाळवंटच आहे. वर्षाला शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस. आपल्या जिराईत भागात दुष्काळ दुष्काळ म्हणतो, तेथेही त्याच्या काही पट पडतो. पण हिरवी गावे आहेत, कारण बर्फाचे पाणी पाटाने शेतात आणतात, आणि कोणाची पाळी कधी ते बघायला गावाने नेमलेला माणूस असतो, त्याला चुर्पोन म्हणतात. आपला पाटकरीच म्हणा. टेलच्या शेताला पाणी पोचते का, हे विचारायचे माझ्या मनात होते, पण भाषा येईना.

१४ तारखेला पुतण्या सुट्टी घेऊन आला, फक्त चार तास. जाऊबाईंनी पहाटे पुरणाला डाळ लावली. कुकरच्या घरच्यापेक्षा दुप्पट शिट्ट्या झाल्या तेव्हा ती शिजली. तो पाच पोळ्या खाऊन आईच्या मांडीवर झोपी गेला, आणि त्याची निघायची वेळ झाली तरी त्याला उठवायचे कोणाला धैर्य होईना. अखेर दिरांनीच उठवले.

राहिला परतीचा प्रश्न. दिरांनी मनालीच्या वाटेसाठी डिझेलचे दोन कॅन घेतले होते, कारण त्या वाटेवर लांबच लांब पंप नव्हता. मुलगा म्हणत होता, "मी ठणठणीत आहे." घरातले गप्प. ती वाट टंगलंगला खिंडीवरून जाते, साडेसतरा हजार फूट, आणि पुढे कितीतरी तास उंचावरच राहावे लागते. वाटेत काही झाले तर दवाखाना नाही. श्रीनगरच्या वाटेवरही साडेतेरा हजारांची फोतूला आहे, पण तेथून लगेच उतार लागतो आणि रात्री कारगिल. मी पहिल्यांदाच थोरल्या दिरांसमोर उभी राहून म्हटले, "भाऊजी, मी माझ्या मुलाला त्या वाटेनं नेणार नाही. तुम्हाला जायचं तर जा, आम्ही दोघं बसनं कारगिलला उतरतो." खोलीत कोणी बोलेना. मग जाऊबाई उठल्या आणि दोन्ही कॅन उचलून दारात नेऊन ठेवले. दिर म्हणाले, "बरं. आल्या वाटेनं." रस्त्यात ते माझ्याशी एक दिवस बोलले नाहीत. बिकानेरला मात्र स्वतः कुल्फी आणून दिली.

लडाखची सरोवरे आम्ही पाहिली नाहीत याची हळहळ मुलाला अजून आहे. तिकडे उन्हाळ्यात एक हंस अंडी घालतो, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला. पुस्तकात त्याला पट्टकदंब म्हणतात. त्या जातीचे पक्षी हिमालय ओलांडून हिवाळ्यात आपल्या उजनीच्या पाण्यावर भिगवणला उतरतात. तेव्हा ज्यांना उंचीचे भय वाटते त्यांनी जानेवारीत भिगवणला जावे, एस.टी.ने तासाभराचे काम.

आम्ही २४ ला संध्याकाळी घरी पोचलो. आत्याबाईंनी पीठ दळून ठेवलेच होते.

ज्यांना जायचेच आहे त्यांच्यासाठी आणखी थोडेसे. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला २६ माणसे मारली गेली, त्यात आपल्या पुण्याकडचेही होते. तेव्हा रस्ता, बंदोबस्त आणि परवाने यांची चौकशी निघण्याच्या आठवड्यात पुन्हा करावी. मागच्या वर्षी गेलेल्याचे ऐकून निघू नये. मंडळाची मोठी गाडी करणार असाल तर दम्याच्या, हृदयाच्या आणि दिवस गेलेल्या भगिनींनी आधी डॉक्टरांना विचारावे, आणि बरोबरच्या तरण्या मुलींवर जास्त लक्ष ठेवावे. गाडीवाल्याला रोजचे किलोमीटर ठरवू देऊ नयेत.

मुक्कामांची आणि सामानाची यादी माझ्या वहीत आहे. ती निळ्या पुठ्ठ्याची वही संक्रांतीला कोणीतरी बघायला म्हणून नेली, ती अजून आलेली नाही. जिच्याकडे असेल तिने मंडळाच्या कपाटात आणून ठेवावी, म्हणजे सगळ्यांना उतरवून घेता येईल.